तिकीट काढलेली बाई

व्हर्लिनने एप्रन सोडला, घडी घालून कोळशाच्या पोत्यावर ठेवला आणि ती सरळ जाऊन होलिसच्या बोटीच्या रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे पोर्ट ऑफ स्पेनहून आलेलं एक नवपरिणीत जोडपं होतं, मागे उन्हाने लालबुंद झालेले कॅनडाचे काही म्हातारे. रांग सरकली तशी तीही सरकली.

होलिस एकेकाला हात देऊन बोटीत घेत होता. व्हर्लिन दिसल्यावर त्याने नुसती मान हलवली. तिच्या नवऱ्याचा, ऑल्स्टनचा, काही निरोप असणार, असं त्याला वाटलं. तिने हात पुढे केला तेव्हा मात्र तो बावचळला.

“काय गं, काही हवंय का?”

“हात दे. बोट हलतेय.”

“अगं, पण ही माझी बोट.”

“नाव वाचता येतं मला,” व्हर्लिन म्हणाली आणि तिने दुसऱ्या हातातलं तिकीट त्याच्यासमोर धरलं.

तिकीट होलिसच्याच मुलीने, कीझायाने, दिलं होतं. टँटीला, म्हणजे काकूला, कशाला हवंय तिकीट, ऑल्स्टनकाका फुकट नेतील की, असं म्हणून ती आधी हसली होती. त्यावर व्हर्लिनने तिला सांगितलं होतं, की काका लग्न झाल्यापासून नेतच आहेत, आणि पोरीने मुकाट्याने तिकीट फाडून हातात ठेवलं होतं.

होलिसने धक्क्याच्या दुसऱ्या टोकाकडे नजर टाकली. तिथे ऑल्स्टन पाठमोरा होऊन आपल्या प्रवाशांना टोप्या सांभाळायला सांगत होता.

“तुझा नवरा मला जिवंत ठेवायचा नाही, व्हर्लिन.”

“मी प्रवासी आहे. प्रवाशाला बोटीत घ्यायचं की नाही, तेवढं सांग.”

मागच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी खाकरलं. होलिसने हात दिला. व्हर्लिन अगदी पुढच्या बाकावर, तळातल्या काचेच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने रविवारच्या चर्चचा फ्रॉक गुडघ्यांवर नीट ओढून घेतला. त्या फ्रॉकखाली पोहण्याचा निळा पोशाख होता. टोरंटोला राहणाऱ्या तिच्या मुलीने कधीतरी पाठवलेला तो पोशाख आजवर कपाटातच पडून होता.

टोबॅगोच्या या धक्क्यावर सुट्टीला आलेल्यांसाठी एक मोठा रंगीत फळा आहे. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहा. नायलॉन पूलमध्ये डुंबा. धबधब्यावर जा. नो मॅन्स लँडच्या वाळूवर बसून ताजा मासा खा. शेवटच्या ओळीत व्हर्लिन स्वतः होती. रोज सकाळी ऑल्स्टन तिला बादल्या आणि कोळशासकट त्या वाळूच्या जिभेवर उतरवायचा, मग प्रवाशांना घेऊन प्रवाळाकडे जायचा आणि दुपारी भुकेलेली माणसं घेऊन तिच्यासमोर हजर व्हायचा. शेगडीजवळून तिला लांबवर फेसाची पांढरी रेघ दिसायची. प्रवाळ तिथे होतं. पण तिथवर ती कधी गेली नव्हती.

आधी मुलं लहान होती, मग सासू अंथरुणाला खिळली, मग शेगडी गळ्यात पडली. सुरुवातीला ती विचारायची तेव्हा ऑल्स्टन म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. अलीकडे तो म्हणायला लागला होता, काय करायचंय बघून, मासे तर तू रोजच बघतेस. तिनेही फार ताणलं नव्हतं, कारण संध्याकाळी पायरीवर बसून तो सगळं सांगायचा. प्रवाळाचे जांभळे पंखे पाण्यात कसे डुलतात, निळ्या पोपटमाशांचा थवा कसा बोटीखालून गेला, पोवळ्याच्या सोनेरी झाडीत कोण दडून बसलंय. मांडीवरच्या सुपात तुरीच्या शेंगा सोलत ती ऐकायची. तो चांगलं सांगायचा. लग्नाआधीही त्याने तिला असंच सांगून सांगून जिंकलं होतं.

पण काल जेवताना एका बाईने व्हर्लिनला विचारलं, तुम्ही इथल्याच ना, मग तुम्हाला यातलं सगळ्यात काय आवडतं? व्हर्लिन तोंड उघडणार तेवढ्यात ऑल्स्टन मध्ये पडला.

“तिला काय विचारता? ती समुद्राला घाबरते. जन्म गेला इथे, पण गुडघ्याच्या वर पाणी लागू दिलं नाही तिने.”

सगळे हसले. वाईट मनाने कुणी हसलं नव्हतं. व्हर्लिनने तव्यावरचा मासा उलटला.

घरी आल्यावर तिने त्याला आज काय पाहिलंस असं विचारलं नाही. उद्या मी सुट्टी घेतेय, एवढंच म्हणाली. त्याने विचारलं, कुठे जाणार सुट्टीवर? ती म्हणाली, सुट्टीवर आलेले जातात तिथे. तो मनसोक्त हसला आणि आणखी थोडा नीरफणस वाढायला सांगून जेवत राहिला.

तरीही आज सकाळी उठून तिने सुरमई कापली, शाडो बेनी या कोथिंबिरीसारख्या पाल्याचं हिरवं वाटण लावून बादलीत भरली, नीरफणसाच्या फोडी केल्या. बाईने माणसं उपाशी ठेवली, असं म्हणायला तिला कुणाला जागा ठेवायची नव्हती.

होलिसने दोर सोडला तेव्हा ऑल्स्टनचं लक्ष गेलं. आधी त्याने कोळशाच्या पोत्यावरचा एप्रन पाहिला, मग धक्काभर नजर फिरवली, आणि मग होलिसच्या बोटीतला चर्चचा फ्रॉक त्याला दिसला.

“व्हर्ल! तिथे काय करतेस?”

“बसलेय.”

“उतर खाली. उशीर होतोय.”

“तुला होतोय. आमची बोट वेळेवर निघालीय.”

कॅनडाच्या म्हाताऱ्यांना शब्द कळले नसावेत, पण प्रकार कळला. त्यांतला एक टाळ्या वाजवायला लागला. ऑल्स्टन धक्क्यावरून चार पावलं धावत आला, मग आपले प्रवासी बघताहेत हे लक्षात येऊन थांबला. होलिसने त्याच्याकडे पाहून दोन्ही हात वर केले आणि इंजिन सुरू केलं.

बोट वेगात निघाली तसं पाणी उडून व्हर्लिनच्या तोंडावर आलं. तिने ते पुसलं नाही. आपली वाळूची जीभ, तिथला तिचा आडोसा, ताडपत्री, सगळं बाजूने मागे गेलं. इकडून ते फारच लहान दिसत होतं.

फेसाच्या रेघेपाशी होलिसने इंजिन बंद केलं आणि भोंगा हातात घेतला. सगळे काचेवर वाकले. व्हर्लिनही वाकली. काचेखाली पाणी स्वच्छ होतं, तळ अगदी हाताशी आल्यासारखा दिसत होता, आणि तो राखाडी होता. मोडक्या फांद्यांचे ढीग, त्यांच्यावर शेवाळाची साय. मेंदूच्या आकाराचा एक मोठा दगड अर्धा पांढरा पडलेला. त्याच्या कडेने एक पिवळा मासा गेला आणि होलिस भोंग्यातून त्याच्याबद्दल इतकं बोलला, की सगळ्यांनी त्याचे फोटो काढले.

“रंग कुठे आहेत?” नव्या नवरीने विचारलं.

होलिस म्हणाला, आज ऊन तिरपं आहे, ऊन सरळ असलं की रंग दिसतात. ऊन डोक्यावरच होतं.

व्हर्लिन पुढे सरकून काचेला नाक लावून बघत राहिली. पुढच्या बाजूला असेल, असं तिला वाटलं. बोट पुढे गेली, मग आणखी पुढे. एका ठिकाणी खडकाच्या आडोशाला जांभळं काहीतरी हललं. हाताच्या पंजाएवढा एकच पंखा. बाकी सगळीकडे तेच. ती सरळ झाली तेव्हा तिच्या कपाळावर काचेची ओली रेघ उमटली होती.

भोंगा खाली ठेवल्यावर तिने होलिसला हळूच विचारलं, “कधीपासून?”

“पाणी तापलं त्या वर्षी सगळं पांढरं पडलं. थोडं सावरलं, तर पुन्हा तापलं.” मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “ऑल्स्टन बोलला नाही?”

“परवा म्हणाला, पोपटमाशांचा थवा बोटीखालून गेला.”

होलिसने सुकाणू उगाच इकडचं तिकडे केलं.

“आम्ही सगळेच सांगतो गं, प्रवाशांना. तो घरीही सांगतो हे मला माहीत नव्हतं.”

नायलॉन पूल येईपर्यंत व्हर्लिन मांडीवर हात ठेवून बसून राहिली. तिच्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या संध्याकाळी येत होत्या. तो पायरीवर बसल्यावर आधी थोडा वेळ गप्प असायचा, मग बोलायला लागायचा. ते गप्प बसणं तिने थकव्याच्या खात्यावर टाकलं होतं. तिला राग आला होता, पण कालचा राग आणि हा राग एकात एक मिसळेनात.

नायलॉन पूल म्हणजे भर समुद्रातला वाळूचा उंचवटा. किनारा दूर राहिलेला असतो आणि पाणी जेमतेम छातीपर्यंत येतं. या पाण्यात डुंबलं की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो, असं होलिसने भोंग्यातून जाहीर केलं. म्हाताऱ्यांनी धडाधड उड्या टाकल्या. व्हर्लिनने फ्रॉक काढून बाकावर ठेवला आणि पाठमोरी होऊन शिडीवर पाय टाकला. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. शेवटच्या पायरीवर तिचे हात कठड्याला घट्ट धरून राहिले. मग तिने ते एकेक करून सोडवले.

पायाखाली वाळू होती, पिठासारखी मऊ. चहूकडे समुद्र होता आणि ती त्याच्या मधोमध उभी होती.

ऑल्स्टनची बोट तेवढ्यात आली. प्रवाळ बाजूला ठेवून तो सरळ इकडेच आला होता. नांगर टाकून तो बोटीच्या पुढच्या टोकावर उभा राहिला.

“झाली ना हौस? चल आता. माझी माणसं जेवणार काय?”

“मासा वाटण लावून ठेवलाय. कोळसा पोत्यात आहे. कापायचा नाही तो, नुसता भाजायचाय.”

“मला येतं का ते?”

“मलाही कुणी शिकवलं नव्हतं.”

त्याच्या बोटीतल्या एका जाड्या माणसाने, मी भाजतो, म्हणून हात वर केला आणि हशा पिकला. काल असाच हशा पिकला होता. ऑल्स्टनने ओठ आवळले. मग कॅप्टनच्या पांढऱ्या शर्टासकट तो पाण्यात उतरला आणि लोकांना ऐकू जाणार नाही इतका तिच्याजवळ आला. त्याचा शर्ट भोवती फुगून तरंगत होता.

तो भांडायलाच आला होता. पण तिचं कपाळ पाहिलं, मग डोळे पाहिले, आणि त्याचा आवाज खाली आला.

“बघितलंस?”

“बघितलं.”

तो पाण्याकडे पाहत राहिला.

“तुला सांगणार होतो मी.”

“रोज सांगतच होतास की.”

दोघांच्या मधून एक लाट हलकेच निघून गेली. व्हर्लिनला वाटलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. तिने ठेवला नाही.

“तुला बघवणार नाही, असं वाटलं,” तो म्हणाला.

“ते मला ठरवू द्यायचं होतंस. माझं न बघणं तू ठरवलंस, आणि वर मी घाबरते म्हणून लोकांना सांगितलंस.”

“व्हर्ल, चल घरी. तिथे बोलू.”

“मी सुट्टीवर आहे. तुझे लोक ताटकळलेत, त्यांना प्रवाळ दाखव जा.”

“काय दाखवू?”

“जे आहे ते.”

तो वळून आपल्या बोटीच्या शिडीकडे गेला आणि वर चढला. शर्टातून पाणी ठिबकत असतानाच त्याने नांगर ओढला. बोट फेसाच्या रेघेकडे निघाली आणि तिथे जाऊन थांबली. वारा तिकडून इकडे वाहत होता, त्यामुळे भोंग्याचे शब्द तुटक तुटक का होईना, पाण्यावरून येऊन पोचत होते.

त्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांना काचेवर वाकायला सांगितलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. होलिसनेही हातातलं काम थांबवून तिकडे कान लावला.

“इथे जांभळे पंखे होते,” ऑल्स्टनचा आवाज आला. “माणसाच्या उंचीचे. आणि त्या तिथे, तिथे सगळं सोनेरी होतं.”

व्हर्लिनने हा आवाज हजारदा ऐकला होता. पण त्या तोंडून ‘होते’ कधी ऐकलं नव्हतं.

नवी नवरी पाण्यातून चालत तिच्याजवळ आली. तीही ऐकत होती. भोंग्यातला आवाज अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत होता. कुठे काय होतं ते सांगत होता.

“खरंच असं होतं का हो इथे?” तिने विचारलं.

“मला नाही माहीत,” व्हर्लिन म्हणाली. “मी आज पहिल्यांदाच आले.”

होलिसने परतीची शिट्टी वाजवली. म्हातारे शिडीपाशी गोळा व्हायला लागले. व्हर्लिनने दोन्ही हातांनी पाणी बाजूला सारलं आणि शिडीकडे पाठ करून ती त्या छातीभर पाण्यात आणखी पुढे चालत गेली.