कुलपातला जाहीर फळा

मी फळा बोलतोय. काचेआडून बोलतोय, आवाज दबका आला तर सांभाळून घ्या.

मनवेलपाड्यात चाळीच्या नळाशेजारी मला ठोकलं, तेव्हा मी नुसतं काळं रंगवलेलं लाकूड होतो. पाणी सोडणारा कृष्णा जाता-जाता माझ्यावर खडूने पाण्याची वेळ लिहायचा. चाळीतल्या यमुनाताई खाली भर घालायच्या, 'गढूळ आहे, तुरटी फिरवा.' मग तिसरंच कुणी लिहायचं, 'आता स्वच्छ येतंय.' शुद्धलेखन भयंकर होतं, पण पाणी कुणाचं चुकत नव्हतं.

मग माझं भाग्य उजळलं. 'माहिती सर्वांना समान' नावाची योजना आली. बैठका झाल्या, बिस्किटं संपली. कुणीही उठून काहीही लिहितं, हे बरं नव्हे, असं ठरलं. शिवाय समोर पोरंपोरी क्रिकेट खेळतात, फळ्याला चेंडू लागेल. म्हणून मला जाड काच बसली, काचेला कुलूप लागलं आणि किल्ली समोरच्या टॉवरमधल्या परेशसाहेबांकडे गेली. कृष्णाने वेळ त्यांना कळवायची, त्यांनी मंजूर करून माझ्यात लावायची.

साहेब टॉवरच्या पाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन. त्यात चाळीला प्रवेश नाही, कारण म्हणे चाळवाले गुड मॉर्निंग फार पाठवतात. वेळ ग्रुपवर पडते. माझ्यात एकच कागद आहे, माझ्याच उद्घाटनाचा फोटो. साहेब छान आलेत.

परवा पाणी संध्याकाळच्या ऐवजी सकाळीच येऊन गेलं. यमुनाताई डबे करून देतात. बाजारातून परतल्या तर नळ कोरडा. सगळे डबे रद्द झाले.

"साहेब, वेळ बदलली ते फळ्यावर लावायचं ना."

"ग्रुपवर टाकलं होतं की."

"आम्ही कुठे आहोत ग्रुपवर?"

"मग तुम्हाला फळा कशाला दिलाय, यमुनाताई?"

मला फार लाज वाटली. कुलूप माझ्याच छातीवर होतं ना.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कृष्णाला गाठून वेळ विचारली आणि ओल्या चुन्याने माझ्या काचेवर लिहिली. अख्ख्या चाळीने पाणी भरलं. संध्याकाळी साहेबांनी ती पुसून घेतली आणि स्टिकर लावला, 'काचेवर लिहू नये.'

आज रविवार. समोर खेळ सुरू झालाय आणि बॅट यमुनाताईंच्या लेकीच्या, क्षितिजाच्या हातात आहे.

क्षितिजा, बाळा, माझ्या बाजूला फिल्डर नाही. जोरात मार.