पंपाच्या बाजूला

गंगापूर धरणातला गाळ उपसायचं काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा उज्वला स्वतःहून दिनेशकडे काम मागायला गेली. दिनेश ठेकेदाराचा सुपरवायझर. दोन वर्षांपूर्वी याच पाण्यात, त्याच्याच हाताखाली राबताना तिचा नवरा सोमनाथ बुडाला होता.

काम तराफ्यावरचं होतं. दोन लांब लोखंडी टाक्या, त्यांवर ठोकलेले जाड पत्रे आणि त्या पत्र्यांवर गाळ ओढणारा पंप, जनरेटर, डिझेलची पिंपं. पंप एका कडेला, तर जनरेटर समोरच्या कडेला. तसं ठेवलं तरच तराफा सपाट राहतो, कारण पाइपात गाळ भरला की पंपाची बाजू आणखी जड होते. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दिनेशलाही होतं. तरी त्या दिवशी पाहुणे यायचे होते म्हणून त्याने सोमनाथला जनरेटर पंपाच्या बाजूला घ्यायला लावला. मोकळ्या झालेल्या जागेत त्याला खुर्च्या मांडायच्या होत्या. पंप सुरू झाला, तराफा कलला, जनरेटर घसरला आणि सोमनाथला घेऊनच तळाला गेला.

दिनेशने जबाब दिला, ‘सावलीत बसायला मिळावं म्हणून त्याने आपल्या मनानं जनरेटर हलवला.’ जड सामान उचलायचा विंच चालवणारा म्हातारा केरू तेव्हा काठावरच होता. त्याने सगळं ऐकलं होतं. विचारल्यावर तो म्हणाला, “मला काय दिसलं नाय.”

सावलीपायी मेला, असं गावात झालं. त्यांची मुलगी सृष्टी शाळेतून रडत आली, ती तेच ऐकून. आणि एकदा भाकरी थापता थापता उज्वलाची सासू रंगूबाईही बोलून गेली, “आळस बरा नसतो गं.” त्या दिवशी उज्वलाने ठरवलं, दिनेशला सोडायचं नाही.

दिनेशने तिला लगेच ठेवून घेतलं. कुणी नवीन माणूस आला की तिच्यादेखत सांगायचा, “चूक हिच्या नवऱ्याचीच होती. पण माणुसकी म्हणून हिला कामावर घेतलंय.” उज्वला मान डोलवायची. तिचं माहेर धरणाकाठच्या गंगावऱ्ह्याचं, बाप-भाऊ होडीवरच वाढलेले. तराफ्यावर सामान लावायचं काम हळूहळू तिच्याकडेच आलं. ती ते चोख करायची आणि वाट बघायची. पाहुणे येतील. खुर्च्या येतील. या माणसाला दुसरं काही सुचणार नाही, याची तिला खात्री होती.

हिवाळ्यात पाटबंधारे खात्याच्या इंजिनियर चैताली मॅडम पाहणीला यायचं ठरलं. सकाळीच टेम्पोतून लाल खुर्च्या उतरल्या. दिनेश इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. उज्वलाने पुढे केलेलं लाइफ जॅकेट त्याने पिंपावर फेकलं.

“मॅडम इकडं बसतील,” तो म्हणाला. “ही कडा रिकामी कर.”

उज्वलाने विचारलं, “जनरेटर कुठं घेऊ, साहेब?”

“घे ना तिकडं कुठंतरी.”

ती जागची हलली नाही. काठावर मॅडमची गाडी येऊन थांबेपर्यंत ती दोर गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मॅडम उतरल्या. त्यांच्या सोबतच्या माणसाने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. तेव्हा उज्वला काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “साहेब, जनरेटर पंपाच्या बाजूला घेऊ म्हणता?”

दिनेश चिडला. “किती वेळा सांगायचं? पंपाच्या बाजूलाच घे.”

“तराफा कलंल, साहेब. मागं कलला होता.”

“तू मला शिकवू नको. मी सांगतो तसं कर.”

विंचचा दांडा केरूच्या हातात होता. तो उज्वलाकडे बघत राहिला. तिने त्याला खूण केली. त्याने जनरेटर उचलला आणि पंपाशेजारी ठेवला. तराफा त्या बाजूला चांगलाच दबला. तराफ्यावरच्या दोन्ही मजुरांना तिने खुर्च्या आणायच्या निमित्ताने काठावर पाठवलं आणि स्वतः शेजारच्या होडीत उतरली.

काठावरून मॅडमनी हाक दिली, “अहो, पंप सुरू करू नका. आधी ते नीट करून घ्या.”

“काही होत नाही मॅडम, रोजचंच आहे,” दिनेश हसत म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पाइप फुगत गेला. तराफ्याची कडा पाण्याखाली गेली. जनरेटर पत्र्यावरून कर्रकर्र घसरत पाण्यात पडला, आणि त्याच उतारावरून दिनेशही गेला. त्याला पोहता येत नव्हतं. तो वर आला, बुडाला, पुन्हा वर आला. तोंडात गढूळ पाणी, हात नुसते हवेत.

होडी अगदी जवळ होती. उज्वलाच्या हातात दोर होता. तिने तो फेकला नाही. सोमनाथने असेच हात मारले असतील का, की तेवढंही मिळालं नसेल, असं तिच्या मनात आलं. दिनेशने तिच्याकडे पाहिलं. ती दोर धरून उभी आहे हे त्याला कळलं. त्याच्या डोळ्यांतली ती भीती तिने पोटभर पाहून घेतली. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली नाही.

मग तो तिसऱ्यांदा खाली गेला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा मेला तर बिचारा होईल. याच्या फोटोला हार घालतील. जबाब कोण देणार?

तिने दोर फेकला आणि त्याला ओढून काढलं.

काठावर पालथा पडून ओकता ओकता त्याने बोट केलं. “हिनं... हिनं लावलं सामान.”

 मग मॅडम म्हणाल्या, “आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, कुणी लावायला सांगितलं ते.”

विंचवरून केरू खाली उतरला. “मागच्या वेळीही यानंच सांगितलं होतं, मॅडम,” तो म्हणाला. “सोमनाथ नको नको म्हणत होता. मी होतो तिथं.”

संध्याकाळी रंगूबाईला हे कळलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, “बाहेर कशाला काढलंस त्याला?”

“बोलायला,” उज्वला म्हणाली.

रंगूबाईने सुनेच्या पाठीवर हात ठेवला. त्या रात्री दोघी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात सगळ्यांना बोलावलं. केरूचा जबाब झाला, उज्वलाचा झाला. दिनेशला समोरच्या खुर्चीत बसवलं होतं. फौजदार साहेबांनी मोबाइलवरचं चित्रण त्याला ऐकवलं आणि विचारलं, “हा आवाज कुणाचा?” त्याने मान फिरवली. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा विचारलं. मग दोन वर्षांपूर्वीच्या दिवसाचं विचारायला लागले, अगदी पहिल्यापासून.

“बाई, तुमचं झालं,” हवालदार उज्वलाला म्हणाला. “तुम्ही घरी गेलात तरी चालेल.”

“बसते थोडी,” ती म्हणाली आणि पदर सारखा करून दिनेशच्या तोंडाकडे बघत बाकावर बसून राहिली.