दाराच्या पडद्यात

जावयाने त्या दुपारी हौसेने दोन कामं केली आणि दोन्ही त्याच्या अंगाशी आली. सासऱ्यांचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. म्हणून त्याने बंद पडलेला हीटर स्वतः दुरुस्त करून लावला आणि ऊब टिकावी म्हणून माळ्यावरचा जाड पडदा खोलीच्या दाराला आतून टांगला. मुलीने इलेक्ट्रिशियन नवरा पसंत केल्यापासून सासरे नाक मुरडत आले होते. आज तरी एखादा बरा शब्द ऐकायला मिळेल, अशी बिचाऱ्याला आशा.

"चालतो तरी का तुमचा हीटर?" सासरे म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "जावईबापू, पडदा बघा."

वरच्या चुणीतून एक गांधीलमाशी सरपटत बाहेर येत होती. तिच्यामागे आणखी बऱ्याच, एकमेकींना बिलगलेल्या. थंडी पडली की यांचं पोळं ओस पडतं, कामकरी माश्या मरून जातात. उरतात फक्त पुढच्या मोसमाच्या राण्या, कुठल्यातरी सांदीत निपचित, ऋतू पालटायची वाट बघत. जावयाने तो भर थंडीत पालटला होता.

गेल्या वर्षी एकीच्या डंखाने सासऱ्यांचा घसा आवळला होता. पुन्हा डंख बसला तर जीव वाचेलच असं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उचलून न्यावं तर वाट त्या पडद्यातूनच.

त्याने हीटर बंद केला आणि खिडकी सताड उघडली. "गारठल्या की थंडावतील, बाबा."

"आणि मी?"

गार वारा घुसला. तेवढ्यात एक माशी रजईवर उतरली आणि सासऱ्यांच्या गळ्याकडे चालू लागली.

"हलू नका."

"मी कुठे हलतोय? अंग हलतंय!"

एरवी सासऱ्यांसमोर खुर्चीत टेकायलाही बिचकणारा हा माणूस सरळ रजईत शिरला. एका हाताने त्याने त्यांना घट्ट आवळलं, दुसरा त्यांच्या गळ्यावर आडवा धरला. माशी त्याच्या तळव्यावर चढली. त्याने मूठ मिटली. आत आग उसळली, पुन्हा उसळली. तो भयंकर घाबरला होता, पण मूठ सोडली नाही.

"चावली का रे?"

"नाही."

पडद्यावरच्या माश्या हळूहळू मंदावल्या. बाहेर आलेली शेवटची जागच्या जागी थिजली. मुठीतली वळवळही थांबली.

दाराबाहेर पावलं वाजली. औषधं आणायला गेलेली बायको परतली होती.

"आत येऊ नकोस!" सासरे ओरडले. "पडद्यात गांधीलमाश्या आहेत!"

"अगं बाई! बाबा, तुम्ही ठीक आहात ना? आणि हे?"

सासऱ्यांनी जावयाची सुजलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली होती. दोघांचेही दात कडकडा वाजत होते.

"बर्फ आण गं, खिडकीतून दे," ते म्हणाले. "आणि ऐक. हीटर फार छान दुरुस्त केलाय ह्याने. जरा जास्तच छान."