पानांची फाईल

कालच्या तारखेवर फुली मारून सूर्यभान भाऊसाहेबांनी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं आणि रोजच्यासारखा हिशेब केला. कमवायची होती दोन वर्षं. त्यातलं दीड पदरात पडलं होतं, उरले होते पाच महिने बावीस दिवस. मे संपला की शाळेच्या पटांगणात मांडव पडेल, शाल-नारळ होईल, दोन जण उठून खोटं पण गोड बोलतील. त्यानंतर कुणी कुठलंही कपाट उघडो. निदान भाऊसाहेब तरी तसं धरून चालले होते.

ही दोन वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलेली होती. कर्जत तालुक्यातल्या याच हायस्कुलात ते पाचवीला आले, तेव्हाच्या हेडमास्तरांनी जनरल रजिस्टरात त्यांची जन्मतारीख इंग्रजी आकड्यांत घातली होती: 1-6-1966. पुढं ते त्याच शाळेत कारकून झाले आणि कपाटाची किल्ली हातात आली. एका दुपारी त्यांनी शेवटच्या सहाच्या उघड्या डोक्याला वरून एक वळसा दिला. आठ झाला. शेजारच्या रकान्यात तीच तारीख अक्षरी होती. तिथं वळशानं भागेना, म्हणून तिच्यावर अर्धा कप चहा सांडला. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसायचा माणूस त्या अर्ध्या कपावर दोन वर्षं खुर्चीत राहिला. एवढा पुरून उरणारा चहा तालुक्यात दुसऱ्या कुणी केला नसेल.

म्हणूनच संस्थेनं जुनी रजिस्टरं स्कॅन करायला सांगितली तेव्हा ते डगमगले नाहीत. शेकडो पानं एका फाईलीत जाणार, फाईल संस्थेच्या कपाटात जाणार. वाचणार कोण? काम दिलं होतं शुभांगीला. सहा वर्षं ती ऑफिसात कंत्राटावर होती. हुशार, आणि भाऊसाहेबांच्या मते गरजेपेक्षा थोडी जास्तच.

रोजच्या कामाची वही तिनं लिहायची आणि ‘तपासले’ या रकान्यात भाऊसाहेबांनी सही करायची, असा शिरस्ता होता. सही करणारे पुष्कळ असतात. भाऊसाहेब वाचून सही करत. आज सकाळच्या ओळीवर त्यांचं बोट अडखळलं.

‘पेजफाईल ८ जीबी केली. आता पाने अडकत नाहीत. रजिस्टर नं. २ सुरू.’

पेज म्हणजे पान. पानांची फाईल. पानांची फाईल तर संस्थेसाठी होतच होती, मग ही दुसरी कुणासाठी? आणि रजिस्टर नंबर दोनच्या पान त्रेचाळीसवरच तो चहाचा डाग होता.

“शुभांगी,” ते वहीवरून नजर न काढता म्हणाले, “ही पेजफाईल म्हणजे काय गं?”

“ती होय? मशीनची आहे, भाऊसाहेब. आपली नाही.”

“मशीनची? मशीन कधीपासून फाईली ठेवायला लागलं?”

ती हसली. ते हसणं भाऊसाहेबांनी टिपून ठेवलं.

“अहो, या कॉम्प्युटरची मेमरी किती, दोन जीबी. शंभर पानं एकदम उघडली की त्याला झेपत नाही. मग जे आत मावत नाही ते हार्ड डिस्कवर बाजूला ठेवतो. लग्नात पंगतीला जागा नसली की माणसं मांडवाबाहेर बसवतात ना? तसं. आत ताट मोकळं झालं की बोलावायचं. ती बाहेर बसायची जागा कमी पडत होती, मी वाढवली.”

“म्हणजे आपली पानं तिथं बाहेर बसलेली असतात.”

“असतात थोडी.”

“आणि बाहेर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू येतं.”

“ऐकू कशाला येईल? तुमचं आपलं काहीतरीच.”

“दाखव मला उघडून.”

“उघडत नाही ती.”

“मग काढून टाक.”

“काढताही येत नाही तशी. मशीन वापरतंय ना.”

दिसत नाही, उघडत नाही, काढता येत नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत असा एकच कागद भाऊसाहेबांनी पाहिला होता, आणि तो त्यांनीच ठेवलेला होता. त्यांनी सी ड्राइव्हवर उरलेली जागा बघितली. काल एकोणीस जीबी मोकळी होती, आज अकरा. आठ जीबीचा घास कुणाच्या तोंडात गेला ते वहीत लिहिलेलं होतं. का गेला, ते नव्हतं.

“कुठं वाढवलीस ते तरी दाखव. सही करायची तर माहीत नको?”

तिनं सरळ मनानं दाखवलं. सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी. भाऊसाहेबांनी प्रत्येक पायरी दाखल्याच्या कोऱ्या नमुन्यामागं लिहून घेतली. शेवटी एक ओळ होती, ‘नो पेजिंग फाईल’. तिच्याखाली त्यांनी रेघ मारली.

शुभांगीनं परत स्कॅनरचं झाकण उचललं. रजिस्टर उलटं ठेवायचं, झाकण दाबायचं, पान उलटायचं. पान कुणाचं, त्यावर काय, हे बघायला तिला सवड नव्हती. ऐंशी पानं झाली तेव्हा जेवणाची घंटा झाली.

“किती झालं?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“ऐंशी. सगळं रजिस्टर झालं की एकदमच सेव्ह करते. मध्ये मध्ये केलं की तुकडे पडतात.” डबा उघडता उघडता ती थांबली. “आमची जागा कधी निघणार हो, भाऊसाहेब? म्हणजे... तुमची.”

“मेनंतर. का?”

“काही नाही. माझं वय ऑगस्टातच संपलं. अडतीस पुरी झाली. आता अर्जच घेणार नाहीत. सवयीनं विचारते आपली.”

ती डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेली. भाऊसाहेब तिच्या पाठीकडं बघत राहिले. जिचं काही उरलं नाही ती बाई पानांच्या फाईली कशाला साठवते, या प्रश्नाला त्यांना एकच उत्तर दिसत होतं.

त्यांनी दार लोटलं आणि दाखल्याचा कागद पुढ्यात घेतला. पायरीमागून पायरी. ‘नो पेजिंग फाईल’. मशीननं धोक्याचं काहीतरी इंग्रजीत विचारलं. भाऊसाहेबांनी ‘यस’ दाबलं. मग म्हणालं, रीस्टार्ट करा. मग म्हणालं, एक प्रोग्रॅम अजून चालू आहे. भाऊसाहेबांनी तरीही रीस्टार्ट केलं. मशीन उठून बसल्यावर त्यांनी सी ड्राइव्ह बघितला. मोकळी जागा: एकोणीस जीबी. आठच्या आठ परत आली होती. बाहेर बसलेली पंगत त्यांनी एका फटक्यात उठवली होती. जेवण नेहमीपेक्षा अर्धी भाकरी जास्त गेलं.

शुभांगी आली आणि पडद्यापुढं उभीच राहिली.

“माझी पानं कुठंयत?”

“लाईट गेली होती मधे,” भाऊसाहेब म्हणाले.

शिपाई भिमाजी दारात चहाचे कप घेऊन आला होता. त्याला गप्प राहायचं काही कारण नव्हतं.

“लाईट? लाईट कवा गेली? म्या तर टाकीला मोटर लावली हुती, आत्ता बंद करून आलोय.”

“गेली होती जराशी.”

“मोटर काय जराशी बघून चालती व्हय?” भिमाजीनं कप टेबलावर ठेवला आणि रजिस्टर दोन वीत लांब सरकवलं. “ह्यावर ठिवू नगा, भाऊसाहेब. मागं एकदा तुमी सांडलाय. लई बोलले हुते मला हेडमास्तर, माझ्याच अंगावर आलं हुतं त्ये.”

शुभांगीनं भिमाजीकडं पाहिलं, मग भाऊसाहेबांकडं. मग तिनं पुन्हा पान एकपासून सुरू केलं. अकराव्या पानावर पडद्यावर पाटी आली: मेमरी अपुरी आहे. तिनं सगळं बंद करून परत उघडलं. नवव्या पानावर तीच पाटी.

“आता एकेक करावं लागणार,” ती स्वतःशीच म्हणाली. “एक पान, एक सेव्ह.”

“एकदम नाही होणार?”

“आता नाही.”

सेव्ह करायचं तर नाव द्यायला हवं. प्रत्येक पानाला वरचा आणि खालचा विद्यार्थी क्रमांक. नाव द्यायचं तर पान वाचायला हवं. भाऊसाहेबांना हे कळायला पाच-सहा पानं लागली. त्यानंतर त्यांच्या चहावर साय धरली.

“उशीर होईल तुला. उरलेलं उद्या कर.”

“करते की. पाच वाजेपर्यंत आहेच मी.”

तीस. पस्तीस. भाऊसाहेबांनी टपालाचं रजिस्टर काढलं आणि त्यात कालचीच नोंद परत लिहिली. चाळीस. एक्केचाळीसच्या वेळी त्यांनी खिडकी लावली, बेचाळीसला उघडली.

“या पानावर डाग आहे,” शुभांगी म्हणाली.

“असू दे. जुनं आहे.”

“डागाची पानं संस्था परत पाठवते. थांबा, उजळ करून बघते.”

तिनं माऊस थोडा उजवीकडं ओढला. चहा पातळ होत गेला. आधी पिवळा झाला, मग नुसता ओलसर वाटावा एवढाच राहिला. खालची जुन्या हेडमास्तरांची काळीभोर शाई वर आली; त्या माणसाचं अक्षरच तसं होतं, दाबून लिहिलेलं.

शुभांगी वाचत होती. ओठ हलत होते. तिनं पान मोठं केलं, आकड्यांच्या रकान्यावर नेलं, परत अक्षरांवर आणलं.

“भाऊसाहेब, हे नाव तुमचंच ना?”

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

“आकड्यात अडुसष्ट आहे. अक्षरी सहासष्ट.”

दारातून भिमाजी कप न्यायला आला आणि भरलेला कप बघून तसाच मागं फिरला.

शुभांगी टेबलावर बोटानं काहीतरी मांडत होती. सहासष्टात अठ्ठावन्न मिळवायला बोटं लागत नाहीत. ती दुसरंच काही मोजत असावी.

“चोवीसचा मे,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तेव्हा मी छत्तीसची होते.”

“शुभांगी, ऐक...”

“पेजफाईल तुम्ही बंद केलीत, होय ना? ती आपली आपण बंद होत नाही. चालू असती ना, तर हे पान सकाळीच गेलं होतं. न बघता.”

तिनं पानाला नाव दिलं, वरचा क्रमांक आणि खालचा, आणि सेव्ह केलं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन आठ जीबी पुन्हा बाजूला काढली आणि मशीन रीस्टार्टला लावलं. ते उठेपर्यंत वही ओढून घेऊन ती नेहमीच्या गोल अक्षरात लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं वही टेबलावरून त्यांच्याकडं सरकवली, सहीच्या रकान्याची बाजू त्यांच्याकडं करून.

भाऊसाहेबांनी वाचलं. ते वाचल्याशिवाय सही करत नसत.

‘पेजफाईल ८ जीबी परत केली. सकाळची ८० पाने गेली, पुन्हा करणे. पान ४३: जन्मतारीख आकड्यात १९६८, अक्षरी १९६६. फरक वर्षे २.’

त्याखाली तिनं रेघ मारली होती. रेघेखाली काहीच लिहिलं नव्हतं. ती दोन वर्षं कुणाच्या नावावर टाकायची, तेवढं त्यांच्यासाठी मोकळं सोडलं होतं.