कापसाने गप्प केलेली व्हॅन

"अब्बा, विम्याचे पैसे कुणाचे? गाडीचे की घराचे?"

लायबाने हे विचारले तेव्हा मी अंगणात चेपलेली डावी कूस घेऊन उभी होते. खरे तर प्रश्न तिचा नव्हता. शाळेतल्या मैत्रिणींनी, गजाला आणि निशा यांनी, तिला डिवचले होते, "वर्गात लय तोंड चालतं ना तुझं? घरी विचारून दाखव! नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायची." दोघी भिंतीआड तोंड दाबून खिदळत होत्या. मी मात्र कान टवकारले, म्हणजे आरसे म्हणा हवे तर. कारण पैसे माझ्या दुखण्याचे होते!

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे, आणि उभे राहणे मला मुळीच जमत नाही. जन्मले कुठल्याशा लांबच्या कारखान्यात, पण नाव कमावले ते इथे, अक्कलकुव्यात. सत्तार पिंजारी, म्हणजे लायबाचे अब्बा, माझे मालक. कापूस पिंजून गाद्या भरून देणे हा त्यांचा पिढीजात धंदा. टपावर गाद्यांचा डोंगर घेऊन मी देवगोईचा घाट चढायचे आणि मोलगीच्या बाजारात उतरायचे. डोंगरातल्या कितीतरी लग्नांत नवरीच्या आधी गादी पोचली, ती माझ्या टपावरून. पोरे मागे धावायची, म्हातारी माणसे म्हणायची, "आली रे पिंजाऱ्याची गाडी!" तेव्हा माझा हॉर्न उगाचच दोनदा वाजायचा.

मग यंदाच्या ऊसतोडीत ब्राह्मणपुरीजवळच्या वळणावर उसाने भरलेली एक ट्रॉली मागे घसरली आणि माझ्या अंगावर आली. माणसे वाचली. माझी डावी बाजू मात्र पापडासारखी मोडली.

विम्याचा माणूस आला. त्याने चहूबाजूंनी माझे फोटो काढले. कुणी एवढे फोटो काढले की आपण सुंदर दिसतो असे वाटते, पण तसे काही नव्हते. तो म्हणाला, "कंपनीच्या गॅरेजला टाका, बिल आम्ही बघू. नाहीतर ठरवून रक्कम घ्या. थोडी कमी मिळेल, आणि दुरुस्ती तुमची तुम्ही करायची. मग ह्याच नुकसानीसाठी परत आमच्याकडे यायचं नाही."

अब्बांनी रक्कम घेतली. ती कशासाठी, हे कुणालाच सांगितले नव्हते. म्हणून तर तो प्रश्न!

अब्बा हसले. "ना गाडीना, ना घरना. तुन्हा शेतस ते पैसा. नंदुरबारले हॉस्टेलमा राहीसन अकरावी करशी ना? त्यानाकरता."

भिंतीआडचे खिदळणे थांबले आणि गजाला चक्क भिंतीवरून आत आली. "लायबा! एकाच खोलीत राहू गं आपण! खिडकीजवळची खाट माझी!"

सगळे नाचले. मी विचार करत राहिले, मग माझे काय?

माझे काम घरातच सुरू झाले. दहावीची परीक्षा संपली होती, त्यामुळे लायबा दिवसभर माझ्याच अंगाखाली. अब्बा आतून लाकडी मोगरीने पोचे ठोकत, ती बाहेरून पुट्टी घासत असे. तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. मग रंग लागला. जुना पांढरा ताकासारखा, नवा दुधासारखा, पण लांबून चालून जाई. शेजारचे किराणावाले लोटनआबा ओरडले, "सत्तारभाऊ, गाडी ते नवरीनागत दिसी ऱ्हायनी!"

लायबाच्या अम्मीने, शकीलाने, दारातूनच उत्तर दिले, "नवरी शे ते घुंगट घाला, डावा गाल येगळाच दिसस!"

पण मी अजून खडखडत होते. आणि पिंजाऱ्याला कोणत्याही दुखण्यावर एकच औषध सुचते, ते म्हणजे कापूस! अब्बांनी माझ्या दारांत कापूस भरला. स्टेअरिंगच्या खाली भरला, सीटमागे भरला. पायाखाली तर अख्खी गादी शिवून टाकली, तीही दाभणाने, सरळ रेषेत. मी एकदम गप्प झाले. गल्लीभर कौतुक झाले, "नवी गाडी बी इतकी गुपचूप चालत नही!"

मित्रांनो, गाडीचे खडखडणे म्हणजे गाडीचे बोलणे असते. माझ्या पुढच्या डाव्या चाकाला धरून ठेवणारा लोखंडी दांडा त्या धडकेत वाकला होता. प्रत्येक वळणावर तो कट्ट म्हणायचा. आता तो कट्ट कापसातच जिरायचा. बाजार उद्यावर आला. टपावर गाद्या, समोर अब्बा, बाजूला दरी, आणि माझे चाक कधी सोडून जाईल याचा नेम नाही. मला ओरडायचे होते, आणि तोंडात कापूस!

दुपारी अब्बा पेट्रोल भरायला निघाले. लायबा शेजारी बसली. थोडे अंतर गेल्यावर ती म्हणाली, "अब्बा, रस्ता सरळ आहे. तुमचा हात उजवीकडे का वळलेला?"

"सवय शे."

"आधी नव्हती."

"जुनी गाडी शे बेटा. तिले बी सवय, मले बी सवय."

पूर्वीची लायबा इथे गप्प बसली असती. पण त्या पैजेपासून तिची जीभ सुटली होती. बाजाराचे मोकळे पटांगण आले तसे ती म्हणाली, "इथे हळू चालवा आणि हात सोडा. एकदाच."

अब्बांनी हात सोडला. मी जी संधी शोधत होते ती हीच! मी सरळ डावीकडे सुटले, विटांच्या ढिगाकडे. अब्बांनी कचकन ब्रेक मारला. पेट्रोल राहिले बाजूला, आम्ही तसेच परत फिरलो.

अंगणात आल्याआल्या लायबाने माझ्या दाराचे आतले पुठ्ठे उचकटले आणि कापूस ओढायला लागली. ओंजळीने नाही, कवेने! अम्मी धावत आली. "अय माय! पोर, गादी फोडी ऱ्हायनी का गाडी?"

"अम्मी, थांब. अब्बा, आता वळवा. हळू."

अब्बांनी चाक वळवले आणि मी बोलले. कट्ट. कट्ट. कट्ट. लायबा खाली झोपली, टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. कड झिजून आतल्या तारा बाहेर आल्या होत्या.

ती उठून उभी राहिली. "अब्बा, तुम्हाला माहीत होतं."

अब्बा खाली बसून सांडलेला कापूस गोळा करत होते. बोटे आपोआप तो पिंजत होती. "माहीत व्हतं. मिस्तरीनी सांगेल व्हतं, चाकनं काम मोठं शे. ते करं का हॉस्टेलना पैसा गयात. हाऊ हंगाम निंघी जाऊ दे, मंग करसू."

"आणि घाट? घाट थांबणार आहे हंगाम संपेपर्यंत?"

"मले बी नही सांगं तुमनी?" अम्मीचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

मित्रांनो, रंग लावला म्हणजे दुखणे जात नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असेल? तुमच्या घरच्या गाडीने आवाज केला तर तो दाबू नका, खाली वाकून ऐका. आणि घरातले कुणी सरळ रस्त्यावरही हात एकाच बाजूला वळवून चालवत असेल, तर त्यालाही विचारा. सवय आहे म्हणेल. तरी विचारा. आम्ही गाड्या निदान खडखडतो तरी, माणसे तेवढेही करत नाहीत.

लायबाच्या केसांत कापूस, गालावर ग्रीस. घरातसुद्धा ती शाळेतली मराठी बोलते म्हणून अम्मी तिला 'मॅडम' म्हणून चिडवते. आज चिडवले नाही.

"अब्बा, अम्मी, ऐका. मी हॉस्टेलला राहणार नाही, ते पैसे चाकाच्या कामाला लावा. कॉलेज नंदुरबारलाच, पण सकाळच्या एसटीने जाणार आणि संध्याकाळी परत येणार. गजाला रुसेल, तिचं मी बघते. मोलगीवाल्यांनाही मीच फोन करते, गाद्या पुढच्या बाजाराला येतील. आणि चावी इकडे द्या अब्बा. चाकाचं काम होईपर्यंत ती माझ्याजवळ राहणार."