गोलरेषेवरची दोन बोटं

रंगाचा पहिला हात

गोलरेषा बारा सेंटिमीटरची असावी, खांबाच्या जाडीएवढी. चेंडू अख्खा पलीकडे गेला तर गोल. रेषेवर केसभर राहिला तरी नाही.

शनिवारी, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला माझ्या जावयानं मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागला, खाली आपटला आणि बाहेर आला. शिट्टीवाल्यानं पडद्यावर चित्र थांबवून पाहिलं. चेंडूच्या कडेखाली पांढरं होतं. गोल नाही. तो धरला असता तर आमचा क्लब वाचला असता. खालच्या श्रेणीत गेला.

दुसरा हात

या मैदानाच्या रेषा मी मारतो. सव्वीस वर्षं.

आधी गवत कापायचं, मग दोरी ताणायची, मग रंग. दोरी मी तीन वर्षांपूर्वी सोडली. जुनी रेषा दिसतेच आहे, तिच्यावरून रंगाची गाडी ढकलली की झालं. गाडीचं एक चाक लटपटतं, जाळीच्या बाजूला ओढतं. शुक्रवारमागून शुक्रवार त्या गोलची रेषा मधोमध फुगत गेली. पंधरा झाली होती. दोन बोटं जास्त.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथं अंगण खरोखर वाकडं होतं आणि तसं म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

शिट्टीवाल्याची मला कीव येत नव्हती. सामन्याआधी मैदान तपासायचं हे त्याचं काम. तो येतो, वाळत घातलेली चादर ओढावी तशी जाळी दोनदा ओढतो आणि रेषेवरून चालत जातो. बुटाला माझा रंग लागतो, तरी खाली बघत नाही.

तिसरा हात

टीव्हीवर चार माजी खेळाडू. चौघांच्या मिळून पाच मतं. एकानं चेंडूची सावली मोजली.

चौथा हात

मंगळवारी चौकशी. तीन कोटवाले सकाळीच वरच्या कार्यालयात बसले, मैदान बघायला तीनला उतरणार होते. शिट्टीवाल्याला वरच, दाराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. चूक त्याची ठरली की त्याची शिट्टी कायमची गेली. चूक मैदानाची निघाली तर तो सुटतो, सामना पुन्हा होतो आणि मी घरी बसतो.

मुलगी फोनवर रडत होती. ‘‘बाबा, हे तीन दिवस नीट जेवले नाहीत.’’

‘‘चौथ्या दिवशी जेवतात सगळे,’’ मी म्हणालो. पण ठरवलं की सांगायचं. आधी जावयाला.

तो साक्ष देऊन खाली आला. त्याला गोलपाशी नेलं, हातात टेप दिली.

‘‘जावईबापू, वाका.’’

‘‘काय झालं?’’

‘‘वाका आणि मोजा.’’

त्यानं मोजलं. मग पुन्हा मोजलं. ‘‘पंधरा.’’

‘‘बारा हवी. तुमचा गोल होता. चूक माझी. वर जाऊन सांगतो, सामना परत होईल.’’

तो उठला, गुडघा झटकला. ‘‘मामा, हे आणखी कुणाला माहीत आहे?’’

‘‘कुणाला नाही.’’

‘‘मग राहू द्या ना.’’

‘‘अहो, गोल तुमचा होता.’’

‘‘होताच. सगळे तेच म्हणतायत. काल वरच्या श्रेणीतल्या क्लबचा फोन आला. म्हणाले, ज्याच्यावर अन्याय झाला तोच पोरगा आम्हाला हवा.’’ त्यानं आवाज खाली आणला. ‘‘मामा, अख्ख्या मोसमात माझे तीन गोल. हा न झालेला धरून.’’

‘‘आणि सामना परत झाला तर?’’

‘‘खेळावं लागेल.’’

दात काढून घ्यायला निघालेला माणूस या आवाजात बोलतो. लग्न ठरवताना मी याचे पाय बघून मुलगी दिली होती.

‘‘आणि तो बाकावरचा?’’

‘‘त्यांना शिव्यांची सवय असते.’’

‘‘शिव्यांची असते. घरी बसायची नसते.’’

‘‘घरी तुम्हीही बसाल, मामा. बघा बुवा.’’

मी बघितलं. वर जायला चौदा पायऱ्या होत्या. मी म्हणालो, ‘‘शेडमधून दोरी आणा. आणि मोठी कात्री.’’

पाचवा हात

जाळीकडच्या कडेचं रंगलेलं गवत मुळापर्यंत कापलं. वर माती चोळली. जावयानं एका खांबाशी दोरी धरली, मी दुसऱ्या.

‘‘एवढी ताणू?’’

‘‘अजून.’’

‘‘आता?’’

‘‘हलू नका.’’

तो हलला नाही. चेंडू पायाशी आल्यावर घाबरणारा हा माणूस दोरी फार छान धरत होता. कड रंगवून झाली तेव्हा अडीच वाजले होते. वरच्या खिडकीत शिट्टीवाला उभा होता. त्यानं आमच्याकडे बघून हात केला. जावयानंही केला.

तीन वाजता कोटवाले उतरले, त्यांच्यामागून शिट्टीवाला. वाटलं होतं, जाळी ओढतील आणि जातील. पण एकानं गुडघ्याखाली रुमाल टाकला आणि रेषा मोजली. तीन ठिकाणी.

‘‘बारा. मैदान चोख आहे,’’ तो म्हणाला.

टेपला ओला रंग लागला होता, बोटांनाही. त्यानं तोच रुमाल उचलून बोटं पुसली, टेप पुसली, रुमाल घडी करून खिशात ठेवला. बाकीचे दोघे आकाशाकडे बघत होते. मंगळवारी, मोसम संपल्यावर, रेषा ओली का, हे विचारायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

शिट्टीवाल्याचं उघडलं. पण तोवर ते तिघे पाठ फिरवून जिन्याकडे निघाले होते, आणि तो त्यांच्यामागून ‘‘साहेब, साहेब’’ करत धावला. सरळ माझ्या रेषेवरून.