शून्य किलो

तेराव्याची माणसं जेवून गेली आणि श्यामकांतने कॉम्प्युटर लावला. बायकोच्या, जयंतीच्या वजनाच्या शेवटच्या नोंदी गेल्या हे त्याला तेव्हा कळलं. आलेखाची रेघ अठ्ठावन्न किलोवर चालली होती, ती दिवाळीनंतर एकदम शून्यावर आली होती. पुढे जयंती जाईपर्यंत शून्यच.

जयंतीचं हृदय कमजोर होतं. रोज वजन करा, डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साचतंय, तडक या. श्यामकांतने उभा जन्म अंधेरीच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिण्यात काढला होता. त्याने सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जयंती फोनवर वजन टाइप करायची, ते कॉम्प्युटरवर यायचं, आणि जास्त वाढलं तर कॉम्प्युटर ओरडणार. कारखान्यातला जुना सोबती काशीराम मानखुर्दला राहायचा, त्याच्या बायकोलाही हाच आजार. त्यालाही त्याने प्रोग्रॅम दिला होता.

कॉम्प्युटर कधी ओरडला नाही, म्हणून श्यामकांत निर्धास्त राहिला. माघात एका पहाटे जयंती झोपेतच गेली. ठोके अचानक थांबले, कुणाच्या हातात नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. आता ते त्याला पटेना. शून्य काही वाढत नाही. मग ओरडणार कसा?

वरच्या मजल्यावरची गंधाली भांडी परत द्यायला आली. तीही प्रोग्रॅमच लिहायची. त्याचा चेहरा बघून ती तिथेच बसली.

"काका, काकूंनी टाइप केलेली मूळ फाइल बघितलीत?"

"नाही. तूच उघड."

तिने उघडली. "अहो, वजनं सगळी आहेत. काकूंनी मराठी आकड्यांत लिहिलीत."

मग त्याला आठवलं. दिवाळीत नवा फोन घेतला तेव्हा जयंतीने हौसेने मराठी कीबोर्ड करून घेतला होता. आणि त्याच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांतून दशांश आकडा काढायचं काम atof करत होतं. त्याला इंग्रजी आकडा दिसला नाही की ते मुकाट्याने शून्य देतं, चुकलं म्हणून सांगत नाही.

"atof, काका? अजून?"

"काट्याने मला कधी मराठीत वजन पाठवलं नाही गं."

ती हसली. तो हसला नाही. "वाढलं होतं का, ते वाचायचा मला धीर होत नाही."

"नका वाचू. प्रोग्रॅमला वाचू द्या. पण त्याला आधी वाचायला शिकवा."

श्यामकांत कामाला बसला. मराठी आकडा आला की त्याजागी इंग्रजी घालणारा तुकडा त्याने लिहिला. atof काढून strtod घातलं. ते वाचता वाचता कुठे थांबलं हेही दाखवतं, म्हणजे काही वाचताच आलं नाही तर शून्य न धरता तसं सांगता येतं. गंधालीने चहा आणून ठेवला, तो निवला.

आधी त्याने मुद्दाम वाढवलेली खोटी वजनं घातली. कॉम्प्युटर ओरडला. मग जयंतीची फाइल दिली.

कॉम्प्युटर ओरडला नाही. रेघ अठ्ठावन्नच्या आसपास सरळ गेली होती, शेवटच्या सकाळपर्यंत. फक्त जानेवारीत जरा वर.

"हे काय?" गंधालीने विचारलं.

"संक्रांत. तिळगूळ." त्याने चष्मा काढून पुसला.

"काका, हा नीट चालला असता तरी ओरडला नसता."

"नसता," श्यामकांत म्हणाला, आणि पुन्हा एकदा म्हणाला. पंगतीत त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आता त्याने उरलेली खीर वाटीत घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली.

मग त्याने मानखुर्दला फोन लावला. "काशीराम, वहिनी वजन कुठल्या आकड्यांत टाकते रे?"

"इंग्रजीत. का?"

"बरं आहे. तसंच टाकू दे. आणि तू स्वतः रोज आकडा बघत जा, मशीनवर सोडू नको."

काशीरामकडे अजून जुनाच प्रोग्रॅम आहे. तिथे जाऊन नवा टाकायचा राहिला आहे.